डटनची अडकलेली गाडी आणि आपलं बंद पडलेलं मशीन

परवाच्या व्हिडिओखाली एकाने विचारलं, "सर, पहिला धंदा बसला, सामान पडून आहे. विकून टाकू का परत सुरू करू?" त्यावर ही गोष्ट.

25 नोव्हेंबर 1907. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडहून हॅरी डटन आणि मरे ऑंगर टॅल्बट मोटार घेऊन निघाले. जायचं होतं थेट उत्तर टोकाला, डार्विनला. तीन हजार किलोमीटरहून जास्त अंतर, आणि मधल्या ओसाड भागात ना रस्ता, ना पेट्रोल पंप. सोबतीला तारायंत्राची लाईन तेवढी. डटन श्रीमंत मेंढपाळ घराण्यातला, ऑंगर हाडाचा मेकॅनिक.

टेनंट क्रीकच्या अलीकडे गाडीच्या मागच्या गिअरमधलं एक दातेरी चाक गेलं. एवढासा पार्ट! पण तिथे तो मिळणार कुठे? त्यात उत्तरेकडचा पावसाळा तोंडावर. दोघांनी गाडी तिथेच सोडली आणि घोड्यांवरून मागे ऊडनाडट्टाच्या रेल्वेपर्यंत आले.

मला इथेच डटन आवडतो. हट्टाला पेटून तो चिखलात बसून राहिला नाही.

30 जून 1908 ला ते पुन्हा निघाले. या वेळी गाडी जास्त ताकदीची आणि मोसम कोरडा. अ‍ॅलिस स्प्रिंग्जला तार खात्यातला अर्न ऑलचर्च सोबत आला. अडकलेली जुनी गाडी गाठली, दुरुस्त केली आणि दोन्ही गाड्या चालवत पाईन क्रीकपर्यंत नेल्या. तिथून जुनी रेल्वेने पाठवली. नवी 20 ऑगस्टला डार्विनला पोहोचली.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो, डटनच्या खिशात दुसऱ्या गाडीचे पैसे होते. आपल्याकडे नसतात. म्हणून ही गोष्ट ऐकून लगेच दुसरं कर्ज काढायला धावू नका.

माझं पेपर प्लेटचं मशीन दीड वर्ष ताडपत्रीखाली होतं. मी सगळ्यांना सांगायचो, "या धंद्यात दम नाही." एकदा रात्री जुनी वही काढून बसलो. मशीन बरं होतं. मी ते ऐन पावसाळ्यात घेतलं होतं, लग्नसराई संपल्यावर! पुढच्या जानेवारीत आधी दोन केटरर्सकडून ऑर्डर घेतली, मगच ताडपत्री काढली.

तर ज्यांनी प्रश्न विचारला त्यांनी आज एवढंच करा. वहीत दोन ओळी लिहा: नेमका कुठला पार्ट तुटला, आणि तेव्हा महिना कोणता होता. रविवारच्या लाईव्हला ती वही घेऊन बसा.