मळा कोणाचा?

शास्त्रभाग : मत्तय २१:३३-४६

वल्हांडण जवळ आला होता. आदल्याच दिवशी प्रभूने मंदिरातील सराफांचे चौरंग पालथे केले होते. आता मुख्य याजक व लोकांचे वडील त्याजकडे येऊन विचारतात की, हे करण्याचा अधिकार तुला कोणी दिला? विचारणारे त्या मंदिराचे कारभारी होते. प्रभूने त्यांस सरळ उत्तर दिले नाही. पण त्याच बैठकीत द्राक्षमळ्याच्या माळ्यांचा दृष्टांत सांगितला. तेव्हा हा दृष्टांत त्या प्रश्नाला जोडूनच वाचावा. शब्बाथ शाळेत तो पुष्कळदा सुटा काढून शिकवितात आणि मग मुलांच्या हाती खुनाची एक गोष्ट तेवढी लागते.

आपल्याकडील वाचकास येथे एक अडचण येते, आणि ती रास्त आहे. ज्यांच्या आजापणज्यांनी कुळ म्हणून दुसऱ्याची जमीन कसली, त्यांना माळ्यांचीच बाजू खरी वाटते. धनी परदेशी राहणार आणि हंगाम आला की माणसे धाडून वाटा मागणार! घाम कुळाचा व खंड मालकाचा, हा अन्याय होता म्हणूनच १९४८ साली मुंबई प्रांतात कुळकायदा झाला. शिक्षकांनी ही शंका दडपू नये. तिचे उत्तर ३३ व्या वचनातच आहे. वेली कोणी लावल्या? कुंपण कोणी घातले? द्राक्षकुंड कोणी खणले, राखणीचा माळा कोणी बांधला? सगळे धन्याने केले. माळी आयत्या मळ्यात आले. यशयाच्या ५ व्या अध्यायातही दगड वेचण्यापासूनचे काम धन्याचेच आहे. शिवाय मार्क १२:२ पाहिले तर तो सारे पीक मागत नाही, पिकातील काही भाग मागतो. बाकीच्यावर माळ्यांची चूल पेटत होती.

मग बिघडले कोठे? ३८ व्या वचनात मराठी शास्त्रात 'वतन' हा शब्द आला आहे. आपल्या लोकांस तो समजावून सांगावा लागत नाही. पाटलाला, कुलकर्ण्याला वतन मिळे ते चाकरीबद्दल. पिढ्या गेल्या, चाकरीची आठवण पुसट झाली आणि हक्क तेवढा राहिला. माळ्यांचेही असेच झाले असावे असे आम्हांस वाटते. धनी दिसत नाही, मळा रोज डोळ्यांसमोर आहे. हळूहळू 'आमच्याकडे आहे' याचे 'आमचा आहे' होते.

हे आमच्या मंडळ्यांतही घडते, आणि ते लिहिल्यावाचून हा धडा पुरा होणार नाही. मिशनच्या काळात घेतलेल्या जागा, मंदिरे, शाळा आज आपल्या कमिट्यांच्या हाती आहेत. त्या आपण विकत घेतल्या नाहीत. तरी खजिनदारपद एकाच घरात वर्षानुवर्षे राहते. हिशेब मागणाऱ्यास मंडळीचा वैरी ठरवितात. काही ठिकाणी भाऊ भावाविरुद्ध कोर्टात उभे आहेत आणि अर्पणाचा पैसा वकिलांच्या फीत जातो. (हिशेब मागणाराही नेहमी निर्मळ मनाने मागतो असे नाही, हेही खरे.) आपल्या जमिनीविषयी परमेश्वराने इस्राएलास लेवीय २५:२३ मध्ये स्पष्ट सांगितले होते की, ती त्याची आहे आणि ते त्याच्याजवळ उपरे म्हणून राहत आहेत. ते वचन कमिटीच्या सभेआधी वाचावे असे आम्ही सुचवितो.

धन्याने चाकर पाठविले ते संदेष्टे. यिर्मयाला चिखलाच्या विहिरीत सोडले. उरीयाला तरवारीने मारले. यहोयादाचा पुत्र जखऱ्या याला तर परमेश्वराच्या मंदिराच्या अंगणातच दगडमार झाला. इतके होऊनही धनी फौज पाठवीत नाही, पुत्राला पाठवितो. व्यवहारी माणसास हे वेडेपण वाटेल. येथे शिक्षकाने घाई करू नये. प्रभू स्वतःविषयी बोलत होता, आणि तो आठवडा संपण्यापूर्वी त्याला नगराबाहेर नेण्यात आले.

वर्गात ४० व्या वचनापाशी थांबून विचारावे, धनी आल्यावर काय करील? पुढचे वचन आधी वाचू देऊ नये. मत्तयात याजकच तत्काळ उत्तर देतात, धनी त्यांचा नाश करील. आणि हे आपल्याविषयीच आहे हे त्यांस नंतर, ४५ व्या वचनात उमगते. लूक २०:१६ मध्ये मात्र लोक तेच ऐकून हादरतात व असे कधी न घडो असे म्हणतात. मोठ्यांच्या वर्गात ही दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी मांडून आपल्या मंडळीतून यांपैकी कोणते निघेल, हे विचारावयास हरकत नाही.