हत्ती घरापर्यंत का येतो?

वाशीकरांना रानडुकरांचा त्रास ठाऊक आहे. डिसेंबर २०२४ मध्ये आपल्याच जिल्ह्यातील येडशीच्या अभयारण्यात वाघही दिसला. गडचिरोलीतील आदिवासी बांधवांच्या दारात मात्र हत्ती उभा आहे.

ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडमधून हत्तींचा कळप त्या जिल्ह्यात उतरला. त्याने उभे धान तुडवलेच, शिवाय घरांच्या भिंतीही पाडल्या. याचे मोठे कारण म्हणजे मोहफुले. उन्हाळ्यात वेचून वाळवलेली फुले आणि वर्षाचे धान एकाच झोपडीत असते, त्याच झोपडीत मुलेबाळे झोपतात, आणि हत्तीला तो वास दुरूनच येतो. मोठ्या हत्तीला दिवसाला १०० ते १५० किलो चारा लागतो. भरलेले घर त्याला सोपे पडते.

म्हणून धान्य व मोहफुले राहत्या घरात न ठेवता वस्तीबाहेर सामाईक कोठारात ठेवावीत. कोठार फुटले तरी आत कोणी झोपलेले नसेल. कळपामागे मशाली, दगड घेऊन धावणे फार घातक. पिलू सोबत असलेली हत्तीण उलटते. (मोबाईलवर फोटो काढायला जाणाऱ्यांनाही हेच लागू.) वनविभागाला कळवून दूर राहावे.

पंचनाम्याशिवाय भरपाई मिळत नाही, आणि अर्ज वेळेत द्यावा लागतो. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांचे अर्ज भरून देणे हे आपल्या कार्यकर्त्यांना सहज जमण्याजोगे काम आहे.