मासोळीचा पंचनामा होत नाही

वैनगंगेला पूर आला की आमच्या गावाचं नाव पार मुंबईपर्यंत पोहोचतं. कारध्याच्या पुलाशी नदीची पातळी मोजतात. २४५ मीटर म्हणजे इशारा, २४५.५० म्हणजे धोका. टिंबापुढचे दोन आकडेही कुणी चुकवत नाही. त्याच गावात, त्याच पाण्यात माझी बोडीभर मासोळी गेली, ती मोजायला मात्र कुणी तयार झालं नाही. हे मी इतकी वर्षं ज्याला त्याला ऐकवते आहे. घरचे कंटाळले, म्हणून आता लिहून काढते.

धानावर घर चालत नाही हे भंडारा जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. म्हणून आमच्याकडे बोडी आणि बकऱ्या. बोडी म्हणजे लहान तळं; आमची मामाजींच्या वेळची, धानाच्या बांधीला पाणी द्यायला खोदलेली. तिच्यात रोहू, कतला, मृगळ सोडायचं मी सुरू केलं. बकऱ्या बचत गटाच्या कर्जावर घेतल्या, विमा उतरवून, कानात बिल्ला मारून. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये बाजार बंद, लग्नं बंद, खानावळी बंद. तयार झालेली मासोळी काढून विकायची कुणाला? ती बोडीतच वाढत राहिली. किलोच्या वर गेलेले कतले पाळीजवळ येऊन पाणी उडवायचे, ते बघायला पोरं जमायची.

त्या साली महालक्ष्म्या उठल्या आणि २९ ऑगस्टला पाणी चढायला लागलं. वर मध्य प्रदेशात संजय सरोवर भरून वाहत होतं, खाली आंभोऱ्याला कन्हान फुगलेली, त्याच्याही खाली गोसेखुर्दचं बॅकवॉटर. गोसेची सगळी ३३ दारं उघडली तरी आमच्याकडचं पाणी हलेना. बोडीच्या पाळीवरून पाणी गेलं तेव्हा बोडी कुठली आणि नदी कुठली हेच कळेना. गोठ्यात मी आणि आमचे हे, टॉर्च तोंडात धरून बकऱ्या सोडत होतो. पाणी प्यायलेल्या दोराची गाठ बोटांनी सुटत नाही. ज्या सुटल्या त्या शाळेकडच्या उंच भागात गेल्या, बाकीच्या गेल्या त्या गेल्याच.

पाणी ओसरल्यावर पंचनामा करायला एक साहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण घाईत होता. शेजारच्या बांधीतला धान त्यांनी उभ्या उभ्या लिहून घेतला. शेजाऱ्यांना मिळालं याचं मला दुःख नाही, त्यांना तरी कुठं पुरतं मिळालं? पण मी त्यांना बोडीवर नेलं तेव्हा ते पाळीवर उभे राहून गढूळ पाण्याकडे बघत म्हणाले, “बाई, यात किती होत्या हे मी कसं लिहू? नदीला विचारा.” सोबतची माणसं हसली.

मी बीज घेतल्याची पावती काढली. त्यांनी वाचली, उलटून पाहिली आणि म्हणाले, “ही बीजाची पावती आहे, मासळीची नाही. आणि तारीख मागच्या सालची.” मी म्हटलं, साहेब, मागच्या सालचं बीज आहे म्हणूनच या साली ते किलोचं झालं. त्यावर, “मग बीज कुठं राहिलं?” बीज दाखवलं तर मासळी विचारतात, मासळी सांगितली तर बीज. त्या क्षणी मला कळलं की हा माणूस मला फसवत नाहीये. त्याच्याजवळच्या कागदात माझ्या धंद्याला रकानाच नाही.

नंतर मदतीचे निकष मी मिळवून वाचले. त्या वेळी केंद्राच्या निकषात दुभत्या गाई-म्हशीला ३०,००० रुपये, बकरीला ३,०००, कोंबडीला ५०. होडी फुटली तर पैसे आहेत, जाळं फाटलं तर पैसे आहेत. मत्स्यबीज तयार करणाऱ्यांना तेव्हा हेक्टरी ८,२०० होते. पण वाढवलेली, विकायला आलेली मासोळी वाहून गेली तर? एक ओळ नाही. २०२२ मध्ये आकडे वाढले, बकरी ४,००० झाली, दुभतं जनावर ३७,५०० झालं. ओळ तेव्हाही आली नाही. आणि गंमत बघा, आमच्या अंगणातला चिखल वाळत होता तेव्हाच, १० सप्टेंबर २०२० ला, वीस हजार कोटींच्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेचा गाजावाजा झाला.

बकऱ्यांचं तर विचारूच नका. विमावाला हप्ता घ्यायला यायचा तेव्हा ‘ताई, ताई’ करत चहा पिऊन जायचा. पुरानंतर चार वेळा फोन केल्यावर उगवला आणि म्हणाला, बिल्ला नाही तर दावा नाही. वाहून गेलेल्या बकऱ्यांचे बिल्ले बकऱ्यांच्या कानातच होते ना! एक बकरी बाभळीत अडकलेली सापडली होती, पण तिचे कान कुत्र्यांनी खाल्ले होते. तो म्हणाला, “कान असता तर काही तरी करता आलं असतं.” मेलेली बकरी समोर पडली होती. मी तिला नावानं हाक मारायची. पण कान नाही म्हणजे ती माझी बकरी नाही.

आता ज्यांना हा धंदा करायचा आहे त्यांच्यासाठी.

मासोळीचा पुरावा पाण्यात असताना तयार करायचा. बीज सोडताना पिशव्यांसकट, बोडीसकट, माणसांसकट फोटो, तारीख आणि ठिकाण उमटेल असा. महिन्यातून एकदा जाळं टाकून थोडी मासोळी वजन करायची, वहीत लिहायची, आणि त्या वहीवर सरपंच किंवा पोलीस पाटील यांची सही घ्यायची. हसतील, हसू द्या. भंडाऱ्याला मत्स्यव्यवसाय खात्याच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयात लेखी अर्ज करून पोच घ्या. पोच नसेल तर तो अर्ज दिलाच नव्हता असं समजा. सातबाऱ्यावर बोडीची नोंद आहे का ते आजच बघा. आणि मासोळी घेणारा ठोक बेपारी बिल देत नाही, तर तुमच्याच वहीत त्याची सही घ्या. तो कुरकुरेल. माझा अजून कुरकुरतो.

जुलै संपायच्या आत मोठी मासोळी काढून विकायची, भाव पडला असला तरी. पाळीवर बांबू रोवून कमरेच्या वर नायलॉनची जाळी लावायची, खालची कड मातीत दाबायची. मोठ्या पुराला ती पुरणार नाही, पण पाळीवरून वीतभर पाणी गेलं तर मासोळी थांबते.

बकऱ्यांना पावसाळ्यात गळ्याला गाठ मारून बांधायचंच नाही. कोंडवाड्यात मोकळ्या ठेवा, आणि दाराशी धार लावलेला विळा टांगून ठेवा. पीपीआर आणि आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी. बिल्ल्याचा बारा आकडी नंबर दिसेल असा प्रत्येक जनावराचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, आणि तोच फोटो माहेरी किंवा लेकाला पाठवून द्या, कारण मोबाइलही पाण्यात जातो. राज्यात २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री नाही आणि आपत्तीची मदतही नाही. पुलावर २४५ झालं की आम्ही जनावरं हलवतो, २४५.५० ची वाट बघत नाही.

बाकी हिशेब ठेवा, कर्ज झेपेल तेवढंच घ्या, एकाच धंद्यावर राहू नका, हे सगळे सांगतात, मीही सांगते. ज्यांनी कधी चिखलातून मेलेली बकरी ओढून काढली नाही तेही हेच सांगतात.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारनं मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. चांगलंच झालं. पण पंचनाम्याच्या कागदात रकाना आला का, हे मी पुढच्या पुरातच बघणार. तोवर माझा विश्वास वहीवर.

केंद्रानं २०२४ मध्ये मत्स्यशेतीच्या विम्यालाही हातभार लावायचं ठरवलं आहे. त्याचा सुगावा लागताच तोच विमावाला गेल्या उन्हाळ्यात दारात आला, पुन्हा ‘ताई’ म्हणत. चहा दिला. मग विचारलं, “भाऊ, मासोळीच्या कानात बिल्ला कुठं मारणार?” तो काही बोलला नाही, अर्ज ठेवून गेला. बारीक अक्षरांचा आहे. बोडी फुटून पुरात गेलेली मासोळी त्यात बसते की नाही, एवढं मी शोधते आहे. ती ओळ दाखवली तर सही करीन.