तुरीचं पीक

लोहारा, जि. यवतमाळ

चि. सोनूस,


खगोलशास्त्रच करायचं म्हणतेस. परवा तुझ्या बाबांनी मला ओट्यावर बसवून विचारलं, "तारे मोजून पोट भरते का?" मी जन्मभर बँकेत लोकांचे आकडे मांडले, मग कागद घेतला आणि तुझेही मांडले.

एमएस्सी करून आयुका किंवा एनसीआरए या पुण्याच्या खगोलसंस्थांत पीएचडीला लागलीस, की महिना ३७,००० रुपये फेलोशिप, दोन वर्षांनी ४२,०००. हे २०२३ पासूनचे दर. त्यात पाच-सहा वर्षं जातात. मग पोस्टडॉक: देशात ५८,००० ते ६७,०००, पण करार दोन-तीन वर्षांचा. संपला की पुन्हा अर्ज, पुन्हा बिऱ्हाड. पक्की नोकरी लागेस्तोवर वय बत्तीस-पस्तीस गाठतं. विद्यापीठात सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून, प्राध्यापकाचं १,४४,२०० पासून. महागाई भत्ता वेगळा.

बाबा कागदाकडे बघत राहिले. म्हणाले, "मंजे तूर हाय म्हना."

अगदी तेच. वावरात सोयाबीनच्या तासांमध्ये तूर असते. सोयाबीन दिवाळीच्या आसपास घरी येतं, तूर जानेवारीपर्यंत उभीच. मैत्रिणी पगारातून स्कूटी घेतील तेव्हा तू अशीच उभी असशील. ते सोसणार असेल तरच जा.

तुरीच्या फुलावर धुई पडते, तशी फेलोशिपही कधीकधी महिनोन्‌महिने अडकते. म्हणून पहिल्या वर्षापासून थोडं थोडं टाकून सहा महिन्यांचा खर्च जमव. हप्त्यावर काही घेऊ नकोस. आणि पायथन मन लावून शीक. दुर्बिणीचा डेटा हाताळणाऱ्याला बाहेरही काम मिळतं. ते तुझं सोयाबीन.

शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा होते आहे. २०२३ साली केंद्राने तिला २,६०० कोटी मंजूर केले. गुरुत्वीय लहरी टिपायला तिथे लेझर, निर्वात नळ्या, संगणक सांभाळणारीही माणसं लागतील. तेव्हा फक्त ताऱ्यांवर नजर ठेवू नकोस, यंत्राला हात लाव.

पीएचडीच्या प्रवेशपरीक्षेचा, जेस्टचा, फॉर्म भर. फीचे पैसे बाबांनी माझ्याकडे देऊन ठेवलेत. तुला सांगू नको म्हणाले होते.

तुझा,
मामा