कट-ऑफ, मेल आणि हळदीचं गाणं

द्रोणागिरीत ऑफिस म्हटलं की ते बहुतेक कंटेनरच्या धंद्यातलं. मीही एका कस्टम ब्रोकरकडे डॉक्युमेंटेशन बघते. शिपिंग बिल, फॉर्म १३, व्हीजीएम आणि दिवसभर मेल. लग्नसराई आली की घरात गाण्यांचा उद्योग सुरू होतो. त्यामुळे वेळापत्रक, मेल आणि संगीत या तिन्हींसाठीची एआय साधनं माझ्या हाताखालून गेली आहेत. सगळ्यात चांगलं कोणतं, असं मला विचारू नका. कुणाच्या कामाला काय येतं, तेवढं सांगते.

१. तुमच्या कामाची बातमी येते कुठून, ते आधी बघा.

रिक्लेम किंवा मोशनसारखी साधनं कॅलेंडरमधल्या रिकाम्या जागा हेरतात आणि त्यात कामं बसवून देतात. ज्याचा दिवस मीटिंगांनी भरलेला आहे, त्याला ती सोन्यासारखी. आमचा दिवस मात्र न्हावा-शेव्याच्या धक्क्यावर ठरतो. जहाज धक्क्याला लागायला उशीर झाला की गेटचा कट-ऑफ, म्हणजे कंटेनर आत घ्यायची शेवटची वेळ, सरकतो. ही बातमी आधी व्हॉट्सॲप ग्रुपवर येते, मग टर्मिनलच्या साइटवर. कॅलेंडरला ती आपणहून कधीच कळत नाही. ट्रेलर कुठवर आला, हे तर फक्त ड्रायव्हरला माहीत. अशा ठिकाणी ही साधनं महिनाभर वापरलीत तरी ती तुम्हाला जेवायची सुट्टी तेवढी नीट आखून देतील.

२. उलटी मोजणी मात्र चॅटवाल्या साधनाकडून करून घ्यावी.

चॅटजीपीटी असो, जेमिनी असो, कट-ऑफचा मेसेज तसाच्या तसा टाकायचा आणि सांगायचं, की इथून मागे मोज. गेट-इनच्या आधी फॉर्म १३ म्हणजे गेटचा प्रवेश-कागद, त्याआधी व्हीजीएम म्हणजे भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन, त्याआधी कस्टमचा 'लेट एक्स्पोर्ट' म्हणजे निर्यातीची परवानगी, त्याच्याही आधी चाकणच्या कारखान्यात माल भरणं. प्रत्येक टप्प्याला किती तास, ते आपण सांगायचं. पाच मिनिटांत तक्ता तयार. कट-ऑफ सरकला की नवी वेळ टाकायची आणि तक्ता पुन्हा काढायचा. दोन गोष्टी आधीच बजावाव्या लागतात. तारखेत दिवस आधी की महिना आधी, हे सांगितलं नाही तर ०५/०६ चं काहीही होऊ शकतं. आणि गणपतीच्या दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना बंदी लागते, ती त्या तक्त्यात आपसूक उमटत नाही.

३. मेलसाठी वेगळं ॲप घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

जीमेलमध्ये वाक्य पुरं करून देणारी सोय २०१८ पासून आहे, आता जेमिनीही आलं. आउटलुकवाल्यांना २०२३ पासून कोपायलट मिळतो. लांबलचक मेलसाखळीचा सारांश दोघंही बऱ्यापैकी काढतात. बाहेरचं ॲप याहून थोडं चलाख असेलही, पण त्याला सगळी मेलपेटी उघडून द्यावी लागते. माझ्या पेटीत पार्टीचे इन्व्हॉइस, भाव आणि बँकेचे कागद असतात. ते माझे नाहीत, मग मी कोण परवानगी देणारी?

४. कंटेनर नंबर कुणालाही पुन्हा लिहू देऊ नका.

हे जरा सविस्तर सांगते. कंटेनर नंबरात चार अक्षरं आणि सात आकडे असतात. पहिली तीन अक्षरं मालकाची, चौथं बहुधा यू, मग सहा आकडे आणि शेवटचा पडताळणीचा. आधीच्या दहा चिन्हांवरून ठरलेलं गणित केलं की हा शेवटचा आकडा निघायला हवा. एका सारांशात मधले दोन आकडे अदलाबदल होऊन आले होते. बाकी सारांश इतका साफसुथरा की नजर त्यावर ठरलीच नसती. पडताळणीचा आकडा जुळेना म्हणून कळलं. हाताने टाइप करणारा माणूसही चुकतो, पण त्याच्या मेलमध्ये इतरही गबाळेपणा असतो, त्यामुळे आपण सावध असतो. म्हणून आता नंबर, वजन आणि तारीख मूळ मेलमधून कॉपी करायची. सारांश फक्त कोण काय मागतंय ते समजून घेण्यापुरता.

५. एआय फार लवकर माफी मागतं.

डिटेन्शन, म्हणजे कंटेनर ठरल्यापेक्षा जास्त दिवस ठेवल्याचा आकार, माफ करा म्हणून शिपिंग लाइनला लिहायचं असलं, की कुठलंही साधन पहिल्याच ओळीत 'आमच्याकडून झालेल्या विलंबाबद्दल दिलगीर आहोत' असं इंग्रजीत लिहून देतं. विलंब आपला होता, हे एकदा कबूल केलं की माफी कशाची मिळणार? मी मसुद्यातून ते वाक्य आधी उडवते. मग गेट बंद असल्याच्या नोटिशीची तारीख टाकते.

६. आता गाणी.

सुनो आणि युडिओ ही दोन नावं सर्वांच्या तोंडी. शब्द द्या, बाज सांगा, मिनिटभरात गाणं हजर. पुतण्याच्या हळदीला पोरांनी अशाच एका ॲपवर त्याच्या नावाचं गाणं बनवलं. कोळीगीताचा ठेका झकास उतरला होता आणि डीजेवर ते वाजलंही दणक्यात. वेसावकर आणि मंडळींसारख्यांनी कॅसेटच्या काळापासून या बाजाची गाणी रेकॉर्ड केली आहेत, तेव्हा यंत्राच्या कानावर तो बाज पडलेला असणं साहजिक आहे. उच्चार मात्र 'ळ' आला की घसरायचा. नवरदेवाच्या आडनावातच 'ळ', त्यामुळे त्यावर जी मस्करी झाली ती गाण्याहून रंगली.

कायद्याची बाजूही बघून ठेवा. युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर यांनी जून २०२४ मध्ये या दोन्ही कंपन्यांवर अमेरिकेत दावे लावले. पुढच्याच वर्षी युनिव्हर्सलने युडिओशी तडजोड केली, आणि युडिओने गाणी डाउनलोड करायची सोय काढून घेतली. म्हणजे आवडलेलं गाणं आजच उतरवून ठेवलेलं बरं. सुनोच्या फुकट खात्यावर केलेलं गाणं कमाईसाठी वापरता येत नाही. हळदीला वाजवा, यूट्यूबवर पैशासाठी चढवू नका. आणि 'आशाताईंच्या आवाजात करू या' म्हणणारा कुणीतरी प्रत्येक घरात निघतोच. अरिजित सिंगच्या बाजूने मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये आणि आशा भोसल्यांच्या बाजूने २०२५ मध्ये आदेश दिले आहेत. परवानगीशिवाय त्यांच्या आवाजाची नक्कल करायची नाही.

७. धवल्याला यातलं काही चालत नाही.

आगरी लग्नात धवलारीण बाई विधी लावते आणि प्रत्येक विधीचं गाणं, म्हणजे धवला, म्हणते. मांडवाचं वेगळं, हळदीचं वेगळं. वाद्य नाही, पुस्तक नाही. ऐकून पाठ केलेलं. माझ्या चुलत आजेसासूबाई अजून म्हणतात. ॲपला 'धवला' सांगितलं तर ते खुशाल बासरी आणि तबला लावून भक्तिगीत देतं. आजींना ऐकवलं, तर त्यांनी एवढंच विचारलं की यात देवांना आमंत्रण कुठे आहे. मग आम्ही फोनवर त्यांचंच रेकॉर्डिंग केलं आणि ते लिहून काढायला एआयला दिलं. जेमिनी ॲप २०२४ पासून मराठीत आहे, आणि अशा साधनांना प्रमाण मराठी बरीच समजते. आम्ही ज्याला दिलं, त्याने आजींच्या आगरी बोलीचं परस्पर पुस्तकी मराठी करून टाकलं. ओळी गुळगुळीत झाल्या आणि चालीत बसेनात.

एक काम मात्र त्याने छान केलं. हाताने लिहिलेल्या ओळी दिल्यावर कोणती कुठल्या विधीची, पुनरावृत्ती कुठे आणि कोणतं कडवं दोन रेकॉर्डिंगांत वेगळं पडलं, याची यादी त्याने नीट लावून दिली. ऐकून लिहायचं काम सध्या भाचीकडे आहे. द्रोणागिरी ते बेलापूर लोकलमध्ये कानाला हेडफोन लावून ती दोन-दोन कडवी उतरवते आणि पानामागे पैसे घेते. मी मोशनची वर्गणी भरायचं बंद केलं, ते पैसे तिच्याकडे वळवलेत.