साप चावल्यावर पहिल्या तासात



धानाची रोवणी लागली की आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत सर्पदंशाचे दिवस येतात. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सापाने दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतील बहुतेक खेड्यांतली.

मांत्रिकाकडे नेलेला माणूस वाचला, हे आम्ही नेहमी ऐकतो. वाचतो, हे खरेच. पण आपल्याकडचे पुष्कळ साप बिनविषारी असतात आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असे नाही. असा माणूस मंत्राशिवायही वाचला असता. एकामागून दुसरे घडले, म्हणून एकामुळे दुसरे घडले असे ठरत नाही. ज्याच्या अंगात खरोखर विष गेले, त्याचा वेळ मात्र मांत्रिकाच्या ओसरीवर जातो. माल्टा बेटावर संत पौलाने साप झटकून टाकला, हेही काही जण पुढे करतात. दवाखान्यात जाऊ नका, असे त्या अध्यायात कोठेही नाही.

तर काय करावे? रोग्याला धीर द्या, चालू देऊ नका. अंगठी, बांगड्या, जोडवी लगेच काढा. सूज चढल्यावर निघत नाहीत. मोडलेल्या हाडाला बांधतो तशी कामटी लावून हात किंवा पाय सैल बांधा, म्हणजे तो हलणार नाही. दोरी आवळू नका. तिने विष अडत नाही, रक्त अडते आणि पाय सडतो. कोणी आधीच आवळली असेल तर ती झटकन सोडू नका, डॉक्टरांना सोडू द्या. चिरा देणे, चोखणे नको. सापामागे धावण्याचीही गरज नाही: नाग, मण्यार, घोणस (आपली परड) आणि फुरसे या चौघांवर एकच प्रतिविष चालते.

१०८ ला फोन करा. गाडीला उशीर असेल तर मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून न्या. उलटी होत असेल, लाळ गळत असेल तर डाव्या कुशीवर निजवूनच न्यावे लागेल.

मण्यारीचे निराळे आहे. ती रात्री, जमिनीवर निजलेल्याला चावते. फारसे दुखत नाही, सूजही नसते. पहाटे पोटात दुखते, पापण्या मिटू लागतात, जीभ जड होते. पुढे श्वास थांबतो. तेव्हा नाक दाबून तोंडाने श्वास देत राहा, वाटेतही. असा रोगी डोळे उघडत नाही, बोट हलवत नाही, पण पुष्कळदा त्याला सगळे ऐकू येत असते. त्याला मेला समजून अर्ध्या वाटेवरून परत आणू नका.

पावसाळ्यात निदान लेकरांना तरी खाटेवर, मच्छरदाणी चारही बाजूंनी खोचून निजवा.