जुनी भट्टी घेताना नवा हिशोब

लखनौच्या चारबाग भागातल्या आमच्या एका खातेदार ताई मातीची भांडी बनवतात. घरच्या मागच्या खोलीत स्टुडिओ थाटण्यासाठी त्यांना 60,000 रुपयांची मुदत ठेव मोडायची होती. विजेवर चालणारे जुने चाक 12,000 आणि जुनी भट्टी 35,000 रुपयांना मिळत होती. "47,000 मध्ये काम होतंय," त्या म्हणाल्या. आम्ही दोघांनी कागद घेऊन हिशोब मांडला. तुमचे आकडे वेगळे असतील, पण रीत हीच.

खरी किंमत किती?
वाहतूक 4,000, भट्टीच्या झिजलेल्या कॉइल बदलणे 6,000, वायरिंग आणि वाढीव वीजभार 9,000. एकूण 66,000. म्हणजे ठेव मोडूनही पैसे कमीच पडणार! भट्टी पाच किलोवॅटची आणि घरचा मंजूर भार दोन किलोवॅटचा, तर तो भार भट्टीला पुरणार नाही. म्हणून आधी वीजबिल पाहा. भट्टी पूर्ण तापवून दाखवल्याशिवाय विसार देऊ नका.

सुटेल किती?
एका खेपेत 40 मग. सहा तडकले, 34 विकले, दर 120 रुपये. जमा 4,080. कच्ची भाजणी आणि झिलईची भाजणी मिळून वीज 600, माती व झिलई 1,200, बांधणी 600. खर्च 2,400. शिल्लक 1,680. महिन्याला दोन खेपा केल्या तर 3,360. म्हणजे 66,000 वसूल व्हायला सुमारे 20 महिने, तेही स्वतःची मजुरी न धरता.

कर्ज घ्यावे का?
हाताने व अवजारांनी काम करणाऱ्या कुंभारांसाठी 2023 पासून पीएम विश्वकर्मा योजना आहे. पात्र कारागिराला 5 टक्के व्याजाने पहिले कर्ज एक लाखापर्यंत, 18 महिन्यांसाठी मिळते. पण पूर्ण लाखाचा हप्ता सुमारे 5,780 रुपये येतो आणि आपली शिल्लक आहे 3,360. कर्ज मिळते म्हणून घेऊ नका, फेडता येईल तेवढेच घ्या.

ताईंनी अखेर फक्त चाक घेतले, तेही बचत खात्यातून. भाजणीसाठी त्या चिनहटकडच्या एका भट्टीवाल्याला खेपेप्रमाणे पैसे देतात. ठेव आजारपणासाठी होती, ती तशीच आहे.

तुम्ही करून पाहा : खरेदीची किंमत, वरचा खर्च, महिन्याची शिल्लक. या तीन ओळी वहीत लिहा आणि मगच ठेवीची पावती घेऊन शाखेत या.